गाडीत सबवूफर बसवायचाय? आधी डिकी मोजा, वूफर शेवटी निवडा

सांगली-साताऱ्याकडे कुणी गाडीला बेस बसवायला निघाला की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "किती इंची घेऊ?" दुसरा प्रश्न: "किती वॅटचा?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, फक्त ते विचारायची वेळ शेवटी येते. वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, एकटा वाजत नाही. तो ज्या खोक्यात बसतो ते खोकं, खोकं जिथे राहतं ती डिकी आणि त्याला करंट पुरवणारी बॅटरी, या सगळ्यांनी मिळून आवाज ठरतो. भारी वूफर चुकीच्या मापाच्या खोक्यात घातला तर तो बेताच्या वूफरपेक्षाही वाईट वाजतो. म्हणून क्रम असा धरा: काय ऐकायचं, जागा किती, खोकं कोणतं, करंट किती, ॲम्प (सिग्नलला ताकद देणारं यंत्र) कोणता आणि मग वूफर.

काय ऐकायचं ते ठरवा

सबवूफरचं काम साधारण २० ते ८० हर्ट्झमधलं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं). त्याच्या वरचं सगळं दारातल्या स्पीकरांनी सांभाळायचं असतं. हे आकडे कानाला समजावेत म्हणून मिरजेच्या तंबोऱ्याचं माप घेऊ. तंबोरा काळी एकला लावला तर जोडीच्या तारा १३८ हर्ट्झच्या आसपास बोलतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झला. कंपनीचे दारातले साडेसहा इंची स्पीकर जोडीच्या तारा नीट ऐकवतात, पण खर्जाचा मूळ स्वर त्यांना पेलत नाही. खर्ज नुसता झंकारतो, भरत नाही. हा भरीवपणा सबवूफर देतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला असते आणि रीमिक्स गाण्यांतला ठोका बहुतेक वेळा ४० ते ६० हर्ट्झमध्ये पडतो.

अभंग, नाट्यसंगीत, जुनी चित्रपटगीतं, तबला-ढोलकी असं ऐकणं असेल तर बंद खोक्यातला ८ किंवा १० इंची वूफर पुरतो आणि शोभतो. डग्ग्याची मींड त्यात स्वच्छ ऐकू येते. सतत रीमिक्स आणि हिप-हॉप ऐकणाऱ्याला १२ इंची लागेल. १५ इंचीचा विचार रोजच्या गाडीसाठी करूच नका. डिकी जाते आणि मोबदल्यात मिळणारा जास्तीचा आवाज काचा बंद करून सोसवत नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. मिरवणुकीच्या डॉल्बीतला १५ किंवा १८ इंची वूफर स्वस्तात मिळतोय म्हणून तो बोलेरोत किंवा उसाच्या ट्रॅक्टरवर चढवू नका. तो उघड्या रस्त्यावर लांबवर आवाज फेकण्यासाठी बनवलेला असतो. त्याचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) मागेपुढे फार हलत नाही, त्याला मोठं खोकं लागतं आणि तो बहुधा ८ ओहमचा असतो (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध). गाडीचा ॲम्प ८ ओहमवर ४ ओहमच्या मानाने जेमतेम निम्मी ताकद देतो. शिवाय ट्रॅक्टरवर मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येणं ही चैन नाही. दोन ट्रॉल्या मागे असताना तो ऐकू यायलाच हवा.

डिकी मोजणं

कंपनी डिकीचे लिटर सांगते: स्विफ्ट २६५, बलेनो ३१८, वॅगनआर ३४१, नेक्सॉन ३८२. अर्टिगाच्या तिन्ही रांगा उभ्या असताना २०९. या आकड्यांवरून अंदाज येतो, खोकं बसेल की नाही ते कळत नाही. टेप घेऊन चार मापं स्वतः काढा: मागच्या सीटच्या पायथ्यापासून दरवाजापर्यंतची खोली, तीच खोली वरच्या बाजूला, दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी आणि पार्सल ट्रेखालची उंची. सीटची पाठ तिरकी असल्यामुळे खालची आणि वरची खोली कधीच सारखी नसते. चौकोनी खोकं केलं की सीटमागे त्रिकोणी जागा वाया जाते. सुताराला सांगून खोक्याची पाठ त्याच तिरकसपणाने कापून घेतली तर तेवढ्याच जागेत चार-पाच लिटर जास्त मिळतात.

स्टेपनी डिकीच्या तळाखाली असेल तर झाकण उघडायला खोकं हलवावं लागणार. खंबाटकी घाटात पंक्चर झाल्यावर स्क्रू काढत बसायची वेळ येऊ नये यासाठी खोक्याच्या वायरी ओढून निघणाऱ्या कपलरने जोडा आणि खोकं पट्ट्याने किंवा दोन अँगलने धरा. नुसतं ठेवलेलं खोकं चालत नाही. वूफरसकट ते १५-२० किलोचं होतं आणि जोरात ब्रेक लागला तर सीटवर आदळतं.

आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर झाल्यात आणि तिथे गणित बदलतं. ६० लिटरची टाकी डिकीत आडवी असेल तर पुढे उरलेल्या फटीत उथळ वूफरचं, म्हणजे ८-९ सेंटीमीटर खोलीच्या वूफरचं खोकं बसतं, नाहीतर सीटखालचा तयार सबवूफर घ्यावा. टाटाच्या जुळ्या टाक्यांच्या गाड्यांत टाक्या डिकीच्या फळीखाली असतात. अल्ट्रोज सीएनजीत वर २१० लिटर मोकळे मिळतात, पण त्या फळीत एकही स्क्रू मारायचा नाही. टाकीचा व्हॉल्व्ह, पाइप आणि हवा जायची जाळी झाकेल असं काहीही ठेवू नका आणि ॲम्प टाकीच्या ब्रॅकेटवर लावू नका. दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट करावी लागते, तेव्हा टाकी बाहेर काढतात. खोकं पाच-दहा मिनिटांत निघेल असंच बसवलेलं बरं.

सीटखालच्या सबवूफरसाठी सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून दोन्ही वेळा खालची उंची मोजा. हे सबवूफर साधारण ७ ते ९ सेंटीमीटर उंच असतात. सीटखाली पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर त्याला हात लावायचा नाही. तो एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचा असतो. काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत पुढच्या सीटखाली लिथियम बॅटरी असते, तिथे हा पर्याय बादच.

खोकं: बंद की पोर्टचं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून थोडं थांबून समजून घेऊ.

बंद खोक्यात वूफरच्या मागची हवा कोंडलेली असते आणि ती कोनाला स्प्रिंगसारखी आवरून धरते. त्यामुळे ठोका आटोपशीर येतो, लांबत नाही. तोटा असा की ठरावीक स्वराच्या खाली आवाज उतरत जातो, दर सप्तकाला १२ डेसिबलने. पोर्टच्या, म्हणजे मुद्दाम भोक ठेवलेल्या खोक्यात भोकातली हवा एका ठरावीक स्वराला कोनाच्या जोडीने काम करते, म्हणून त्या स्वराच्या आसपास तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज मिळतो. पण त्या स्वराच्या खाली कोनाला आवरणारं काहीच उरत नाही आणि तो सैल सुटतो.

बंद मोटारीत मात्र एक फायदा आपोआप मिळतो. आवाजाची लाट गाडीच्या लांबीच्या दुपटीहून मोठी झाली की केबिनमधली सगळी हवा एकत्र दाबली जाते आणि खालचे स्वर वाढू लागतात. केबिनची मीटरमधली लांबी घेऊन १७२ला तिने भागा. अडीच मीटरच्या हॅचबॅकला उत्तर येतं ६९ हर्ट्झ. तिथून खाली केबिन दर सप्तकाला साधारण १२ डेसिबल चढ देते. बंद खोकं नेमकं तेवढंच उतरत असतं. दोन्ही एकमेकांना भरून काढतात आणि छोट्या गाडीत १० इंची बंद खोकंसुद्धा ३० हर्ट्झपर्यंत सरळ वाजतं. प्रत्यक्षात काचा, दारं आणि पत्रा थोडं गळतात, त्यामुळे पूर्ण १२ डेसिबल मिळत नाहीत, पण दिशा हीच. म्हणूनच स्विफ्ट, आय-ट्वेंटी, टियागो, अल्ट्रोज अशा गाड्यांना आमचा स्पष्ट कौल बंद खोक्याला. तीच गाडी पोर्टच्या खोक्याने घुमते आणि वाजवणारा टोन कमी-जास्त करत बसतो. दोष टोनचा नसतोच.

सेडानचं वेगळं. डिझायर किंवा सिटीमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये सीट, पत्रा आणि पार्सल ट्रे येतात. तिथे पोर्टचं खोकं उपयोगी पडतं. वूफर मागे, डिकीच्या झाकणाकडे तोंड करून ठेवा. मागची सीट दुमडत असेल तर खोकं सीटच्या उघडीला चिकटवून कडेने फोम भरणं हा त्याहून चांगला उपाय. स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही अशा मोठ्या गाड्यांत दोन्ही चालतात.

मापं लक्षात ठेवायची ती अशी, आणि ती आतली, लाकूड वजा जाता:

८ इंची बंद: १० ते १२ लिटर
१० इंची बंद: १७ ते २२ लिटर
१२ इंची बंद: २८ ते ३५ लिटर
१२ इंची पोर्ट: ५० ते ६० लिटर

हे सर्वसाधारण आहे. वूफरच्या कागदावर कंपनीने दिलेलं माप असेल तर तेच अंतिम.

सुताराकडे बहुतेक चुका बाहेरच्या मापामुळे होतात. उदाहरणच बघा. ३८ बाय ३६ बाय ३२ सेंटीमीटरचं खोकं बाहेरून जवळपास ४४ लिटरचं. १८ मिलिमीटर जाडीची फळी दोन्हीकडून वजा केली की आत राहतं ३४.४ बाय ३२.४ बाय २८.४, म्हणजे ३१.६ लिटर. वूफरचं चुंबक आणि सांगाडा आत अडीच लिटर जागा घेतात. हाती उरतात २९ लिटर, १२ इंची बंदसाठी नेमके. "३० लिटरचं खोकं" असं सांगून बाहेरून ३० लिटर मोजलं असतं तर आत १८च उरले असते आणि १२ इंची वूफर त्यात पेटीत कोंडल्यासारखा, ६०-७० हर्ट्झवरच धपधप करत राहिला असता. वूफरच्या खोलीपेक्षा खोक्याची आतली खोली किमान ४-५ सेंटीमीटर जास्त ठेवा, चुंबकामागे हवा फिरायला हवी.

पोर्ट करायचा असेल तर ३३ ते ३६ हर्ट्झला लावून घ्या. भोकाचं क्षेत्रफळ २८ लिटरमागे किमान ७५ चौरस सेंटीमीटर. बारीक पाइप घातला की मोठ्या आवाजाला भोकातून फुसफुस ऐकू येते आणि ती नंतर कशानेच जात नाही.

फळी १८ मिलिमीटर एमडीएफची. ती जड असते, सर्वत्र सारखी असते, त्यामुळे कमी थरथरते. पण एमडीएफचा शत्रू पाणी. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडची पावसाळी हवा आणि डिकीत ठेवलेल्या ओल्या छत्र्या यांनी तिच्या कडा फुगतात, सांधे उघडतात, हवा गळते. २०१९च्या महापुरात सांगलीत ज्या गाड्यांच्या डिकीत पाणी शिरलं असेल, त्यांच्यातल्या एमडीएफच्या खोक्यांचा तर लगदाच झाला असणार. म्हणून कापलेल्या कडांना सीलरचे दोन हात द्या, किंवा थोडे जास्त पैसे घालून मरीन प्लाय वापरा. सांध्यांना फेव्हिकॉल, दर १५ सेंटीमीटरवर स्क्रू आणि आतून सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉनची रेघ. सिलिकॉन वाळायला पूर्ण २४ तास द्या. ओल्या सिलिकॉनची वाफ वूफरच्या रबराला आणि गोंदाला चांगली नसते.

खोकं गळतं का ते तपासणं सोपं आहे. वूफर बसवल्यावर दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी टेकवून हळूच आत दाबा आणि सोडा. कोन संथपणे परत येत असेल तर खोकं बंद आहे. लगेच परत आला तर कुठेतरी फट आहे, बहुधा वायरीच्या टर्मिनलजवळ.

बाजारातली तयार खोकी आणि बेस ट्यूब (नळीच्या आकाराची तयार खोकी) घेताना फळीवर बोटाच्या पेराने ठोका. पोकळ टकटक आली तर फळी १२ मिलिमीटरची असेल. असं खोकं स्वतःच वाजतं.

करंट कुठून येणार

डब्यावरचा मोठा आकडा विसरा. १,२०० किंवा १,६०० वॅट 'मॅक्स' म्हणजे क्षणभराची मर्यादा. खरेदी करायची ती आरएमएस वॅटवर, म्हणजे सतत पेलणाऱ्या ताकदीवर. हॅचबॅकला १५० ते ३०० वॅट आरएमएस भरपूर आहेत.

३०० वॅटचा क्लास-डी ॲम्प घ्या. त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तो बॅटरीकडून ३७५ वॅट ओढणार, म्हणजे १३.८ व्होल्टवर २७ अँपिअर. तोच ॲम्प क्लास-एबीचा, म्हणजे बरीच वीज उष्णतेत घालवणाऱ्या जातीचा असेल तर ३९-४० अँपिअर. सबवूफरला क्लास-डी मोनो (एका चॅनलचा) ॲम्पच घ्यायचा, कारण हेच. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, त्यामुळे सरासरी ओढ याच्या बरीच खाली राहते, पण ठोक्याच्या क्षणी एवढा करंट हवाच असतो. छोट्या गाडीचा अल्टरनेटर एसी, दिवे, वायपर सांभाळून जे देऊ शकतो त्यात ३००-४०० वॅट आरामात बसतात. त्यापुढे गेलात की रात्री ठोक्यागणिक हेडलाइट लपकतात. कपॅसिटर लावून हे फार सुधारत नाही. तो करंट तयार करत नाही, घटकाभर साठवतो इतकंच.

वायर हा आवाज खाणारा भाग आहे आणि दुकानदार सगळ्यात जास्त काटकसर इथेच करतात. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर तांब्याची ८ गेज वायर २७ अँपिअरला पाव व्होल्टच्या थोडं वर घालवते. तेवढीच वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर दीडपट. ३०० वॅटपर्यंत शुद्ध तांब्याची ८ गेज, म्हणजे जवळपास १० स्क्वेअर एमएम चालेल. ५०० वॅटला ४ गेज, म्हणजे २१ ते २५ स्क्वेअर एमएम. ओळखायचं असं: वायरीतली एक बारीक तार काढून ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखा पांढरा निघाला तर ते ॲल्युमिनियम. कथिल चढवलेलं तांबं वरून पांढरं दिसतं पण खरवडल्यावर आत लाल असतं, ते चांगलं. इलेक्ट्रिकच्या दुकानातली चांगल्या कंपनीची लवचीक १० किंवा १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाकिटातल्या स्वस्त 'ॲम्प किट'पेक्षा कितीतरी भरवशाची.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत. हा फ्यूज ॲम्पसाठी नाही, वायरसाठी आहे. वायर बॉनेटमधून आत येते तिथे पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली आणि फ्यूज डिकीत असला तर वायर पेटेल आणि फ्यूज मात्र शाबूत राहील. ८ गेजला ४० अँपिअर, ४ गेजला ८० ते १०० अँपिअर, ॲम्पची गरज कमी असेल तर तेवढाच कमी. पत्र्यातून वायर नेताना रबरी बुश घातल्याशिवाय पुढे जायचं नाही.

इलेक्ट्रिक गाडीत हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या जवळपासही फिरकू नका. तिथे १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, तिच्यावर सीटखालचा छोटा सबवूफर एवढंच बसवा आणि तेही वॉरंटीची अट वाचून.

ॲम्प आणि ओहमची जुळणी

वूफर एका कॉइलचा (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) किंवा दोन कॉइलचा असतो. ४ ओहमच्या दोन कॉइल असतील तर पॅरलल जोडून २ ओहम होतात, सिरीजमध्ये ८. दोन्ही कॉइल २ ओहमच्या असतील तर १ ओहम किंवा ४ ओहम. ॲम्पच्या कागदावर तो किती ओहमपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. '२ ओहम स्टेबल' ॲम्पला १ ओहमची जोडणी दिली तर तो तापतो, दर पाच मिनिटांनी लाल दिवा लावून बंद पडतो आणि एक दिवस परत चालू होत नाही.

म्हणून आधी ॲम्प बघा. समजा तो ४ ओहमला १८० आणि २ ओहमला ३०० वॅट आरएमएस देतो. मग ४+४ ओहमच्या दोन कॉइलचा, २५० ते ३५० वॅट आरएमएसचा वूफर घेऊन पॅरलल जोडा. पुढेमागे ॲम्प बदलला तरी दोन कॉइलवाल्यात जोडणी बदलायची सोय राहते.

कंपनीचा टचस्क्रीन टेप (म्युझिक सिस्टीम) असेल तर त्याला बहुधा आरसीएचं, म्हणजे ॲम्पला सिग्नल द्यायच्या वायरीचं आउटपुट नसतं. अशा वेळी हाय-लेव्हल इनपुट असलेलाच ॲम्प घ्या आणि मागच्या स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घ्या. वायरी कापून, चिकटपट्टी गुंडाळून नाही, तर त्या गाडीसाठी मिळणारा कपलर वापरून. कापलेली वायर सर्व्हिस सेंटरला दिसली की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर वाद सुरू होतो. काही कंपन्यांचे टेप आवाज वाढवला की बेस आपोआप कमी करतात. स्पीकर वाचावेत म्हणून ते तसे बनवलेले असतात. तिथे कितीही मोठा सबवूफर लावा, मोठ्या आवाजाला तो फिकाच वाटणार.

आता वूफर

एवढं ठरल्यावर वूफर निवडणं पाच मिनिटांचं काम उरतं. कागदावर चार गोष्टी बघायच्या.

आरएमएस वॅट ॲम्पशी जुळतात का. संवेदनशीलता किती: ८४ डेसिबलचा आणि ८७ डेसिबलचा वूफर यांत तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुसरा निम्म्या वॅटमध्ये तेवढाच वाजतो. बसवायची खोली किती. आणि एफएस (वूफर मोकळा असताना ज्या स्वराला आपणहून हलतो तो स्वर) व क्यूईएस (चुंबक आणि कॉइल कोनाला किती आवरतात त्याचं माप) हे दोन आकडे: पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ५०च्या खाली आलं तर वूफर बंद खोक्याचा, १००च्या वर गेलं तर पोर्टचा, मधलं आलं तर दोन्हीकडे चालतो. एफएस ३० आणि क्यूईएस ०.६० असेल तर उत्तर ५०, म्हणजे बंद खोक्याकडे झुकणारा. हे आकडे ज्या वूफरच्या कागदावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतच नाहीत, तो घेऊ नका. त्याच्यासाठी खोकं कशाच्या आधारावर बनवणार?

नकली माल आपल्या बाजारातही येतो. दुकानात मल्टिमीटर मागून कॉइल मोजा. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.७ दाखवते, तसं असणं बरोबर आहे. १.५ किंवा ७ दाखवलं तर वूफर परत द्या. कोन हाताने सरळ आत दाबताना खरखर जाणवली तर कॉइल घासतेय.

साध्या हॅचबॅकसाठी आमची पहिली पसंती: १० इंची, २+२ किंवा ४+४ ओहम, २५० वॅट आरएमएस, २० लिटरचं बंद खोकं. डिकी हातची जाऊ द्यायची नसेल तर सीटखालचा ८ इंची, ॲम्प आतच असलेला, ७५ ते १५० वॅट आरएमएसचा. त्यातून छाती दणाणणार नाही, पण खर्ज भरेल. १२ इंची पोर्ट सेडान आणि मोठ्या गाड्यांसाठी. बजेट वाटताना वूफरला जेवढे, तेवढेच ॲम्पला आणि खोकं-वायरिंग मिळून तेवढेच धरा. दारातले स्पीकर कंपनीचे पातळ कागदाचे असतील तर आधी तेच बदला. वरचा आवाज फाटका असताना खाली बेस भरला की ती फाट जास्तच टोचते.

बसवल्यावरची मांडणी

अर्थिंगची वायर जितकी छोटी तितकी चांगली, ४५ सेंटीमीटरच्या आत, पॉझिटिव्हइतकीच जाड. पत्र्यावरचा रंग पूर्ण खरवडून चकचकीत धातूवर थिंबल आणि बोल्टने आवळा, वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या, नाहीतर पावसाळ्यानंतर तिथे गंज धरतो. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी सैल करू नका. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. दोन्ही एकत्र बांधल्या की ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून येते.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. तो टेपच्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्यासाठी असतो. पद्धत अशी: वूफरच्या वायरी काढा, बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, लो-पास फिल्टर (वरचे स्वर अडवणारा) सगळ्यात वर. ५० हर्ट्झचा सलग स्वर पेन ड्राइव्हवरून लावा, टेपचा आवाज पाऊणपर्यंत. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, इतके व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा. ३०० वॅट आणि २ ओहमला २४.५ व्होल्ट, २५० वॅट आणि ४ ओहमला ३१.६. तिथे थांबा आणि गेनचा स्क्रू पुन्हा फिरवू नका.

मग वूफर जोडा. लो-पास ७० ते ८० हर्ट्झवर, दारातल्या स्पीकरांचा हाय-पास (खालचे स्वर अडवणारा) ८०वर. पोर्टचं खोकं असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारा) पोर्टच्या स्वराच्या ३-५ हर्ट्झ खाली, ३५ला लावलेल्या खोक्याला ३० हर्ट्झ. फेजचं (कोनाच्या हालचालीची दिशा उलटवणारं) बटण ० आणि १८० दोन्हीवर करून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका. ज्या बाजूला ठोका भरदार आणि समोरून आल्यासारखा वाटतो, तीच ठेवा. पुणे-बेंगळुरू हायवेवर शंभरच्या वेगाने टायर आणि वाऱ्याचा आवाज नेमका खालचे स्वर झाकतो, त्यामुळे घराजवळ बरोबर वाटलेला बेस हायवेवर हरवतो. यासाठी डॅशबोर्डखाली लावायचं बेसचं नॉब घ्या. शहरात आल्यावर ते उतरवा. निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि खालचे स्वर काच-भिंतीतून सहज पलीकडे जातात. शेजारच्या घरात गाणं ऐकू येत नाही, पण धडधड पोचते.

तक्रारी आणि त्यांची कारणं

कॉइल जळाल्याचा वास येतो तेव्हा वूफर 'कमी वॅटचा' होता असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा छोट्या ॲम्पचा गेन पूर्ण फिरवलेला असतो, लाटेची टोकं कापली जातात आणि कॉइलला थंड व्हायला सवड मिळत नाही. बेस बूस्टही तेच करतो: ६ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या स्वराला चौपट वॅट.

एका स्वराला बेस दमदार आणि दुसऱ्याला गायब असेल तर फेज उलटा आहे. बेस जवळपास येतच नसेल तर दोन कॉइलपैकी एक उलटी जोडली गेलीय. मोठ्या आवाजाला ॲम्प बंद पडून परत सुरू होत असेल तर आधी अर्थिंग आवळा, मग ओहम मोजा. बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर रिमोटची (ॲम्प चालू-बंद करणारी) वायर इग्निशनऐवजी थेट बॅटरीला लावलेली असते. ती टेपच्या निळ्या-पांढऱ्या वायरवर घ्या.

खडखड वूफरची आहे की गाडीची, हे शोधायला ३० ते ८० हर्ट्झ सरकत जाणारा स्वर लावा आणि दुसऱ्याला पत्र्यावर हात ठेवत फिरायला सांगा. बहुतेक वेळा नंबर प्लेट, डिकीच्या झाकणातलं प्लास्टिक किंवा पार्सल ट्रेचा कोपरा सापडतो. नंबर प्लेटमागे फोमची पट्टी, झाकणाच्या पत्र्यावर आतून २ मिलिमीटरची ब्यूटिल शीट, ट्रेच्या कडेला फेल्ट, एवढ्यात काम होतं.

पहिला महिना झाला की वूफरचे सगळे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी पुन्हा आवळा, एकदम एका बाजूचे नाही, नाहीतर सांगाडा वाकतो. फ्यूजहोल्डरला अर्धा तास वाजवल्यानंतर हात लावून बघा. तो गरम लागला तर त्याचा स्क्रू सैल आहे.